‘डीप क्लीनिंग’ला दिलेला माइक आणि आतलं डुप्लिकेट कार्ट्रिज

माइकवर माउथ ऑर्गन वाजवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. माझ्या शुअर एसएम५८ माइकमधलं चांगलं कार्ट्रिज (आवाज पकडणारा आतला भाग) काढून घेऊन आत डुप्लिकेट बसवलं गेलं, वर त्याचे पैसेही माझ्याकडूनच घेतले. बाहेरून माइक तोच, जाळीवरचा पोचाही तोच. संशय यावा तरी कशाचा?

आवाज दबल्यासारखा येत होता, वरचे सूर तर पार बसलेले. दुरुस्तीवाल्याने जाळीचा वास घेतला, तोंड वाकडं केलं. “साहेब, थुंकी आत उतरलीय, डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) गेला. डीप क्लीनिंग करून ओरिजिनल कार्ट्रिज टाकून देतो.” साडेचार हजार घेतले आणि चिठ्ठीवर लिहिलं नुसतं ‘सर्व्हिसिंग’. जुना पार्ट मागितला तर म्हणे भंगारात गेला.

खरी मेख इथे आहे. आपण वाद्य आणि माइक एकाच ओंजळीत धरतो. वाफ, थुंकी सगळी जाळीच्या आतल्या स्पंजात मुरते, वाळते, त्यावर धूळ बसते. स्पंज तुंबला की वरचे सूर आधी मरतात. ऐकणाऱ्याला वाटतं कार्ट्रिज गेलं; प्रत्यक्षात नुसता मळ असतो. हे आपल्याला माहीत नसतं, त्याला पक्कं माहीत असतं.

कराओकेच्या सरावाला मित्राचा त्याच मॉडेलचा माइक त्याच चॅनेलला, त्याच केबलवर लावला, तेव्हा बिंग फुटलं. माझ्या माइकला गेन (मिक्सरवर आवाज वाढवायचं बटण) बराच जास्त द्यावा लागत होता आणि ओंजळ मिटली की लगेच शिट्टी. किचनच्या काट्यावर दोन्ही ठेवले. अस्सल एसएम५८ भरतो २९८ ग्रॅम. मित्राचा तेवढा भरला, माझा बराच कमी. डोकं उघडलं तर मूळच्या पिवळ्या-हिरव्या तारा अर्ध्यात तोडून त्यांना लाल-काळ्या तारा जोडलेल्या, वर सेलोटेप! निदान काळी टेप तरी लावायची.

सफाईला दुकान लागतच नाही. जाळी फिरवून काढा, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ टूथब्रशने घासा, स्पंजही त्याच पाण्यात हलक्या हाताने दाबून धुवा. सावलीत खडखडीत वाळू द्या, हेअर ड्रायर नको. कार्ट्रिजला पाणी, स्पिरिट, ब्लोअर यातलं काहीच लावायचं नाही. आत चुंबक असतो, म्हणून तारेची घासणी जवळपासही नको. लोखंडाचा चुरा एकदा चिकटला की निघत नाही.

ब्लूजवाल्यांकडच्या जुन्या क्रिस्टल बुलेट माइकची गोष्ट वेगळी. त्यातला रोशेल सॉल्टचा स्फटिक दमट हवेने आणि उष्णतेने खराब होतो, आणि तो ‘साफ करून’ पुन्हा जिवंत होत नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

दुरुस्तीला द्यावाच लागला तर आधी घरी जाळी धुऊन वाजवून बघा. देताना डोकं उघडून तारांचा आणि कार्ट्रिजचा फोटो दुकानदारासमोरच काढा. पार्टचं नाव बिलावर लिहून घ्या. एसएम५८ च्या अस्सल कार्ट्रिजचा नंबर आर५९ आहे. जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. मी पुन्हा गेलो तेव्हा त्याने चिठ्ठी पुढे केली: “यात कार्ट्रिज कुठे लिहिलंय?”