आधी ‘इडिपस’ वाचावं की ‘मॅक्बेथ’?

शोकात्मिका म्हणजे नेमकं काय, हे व्याख्या पाठ करण्यापेक्षा एखादं अभिजात नाटक वाचून समजून घ्यायचं असेल, तर निवड बहुधा दोन नाटकांपाशी येऊन थांबते: प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं ‘राजा इडिपस’ आणि शेक्सपिअरचं ‘मॅक्बेथ’. वाचायची दोन्ही आहेत. पण जे आधी वाचाल, त्याच्याच मापानं पुढची सगळी नाटकं मोजाल, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

त्याआधी ‘शोकांतिका’ या शब्दाबद्दल. हा शब्द सगळं लक्ष शेवटाकडे नेतो आणि मग मृत्यू मोजले जातात. त्या हिशेबात ‘मॅक्बेथ’ फार पुढे आहे. डंकन, बँको, मॅकडफची बायकोमुलं, लेडी मॅक्बेथ, अखेर मॅक्बेथ स्वतः. ‘इडिपस’मध्ये नाटक चालू असताना मरते ती एकटी जोकास्टा, इडिपसची आई आणि बायको, तीही प्रेक्षकांच्या नजरेआड. नायक जिवंतच राहतो. इ.स.पू. ४०९ मध्ये अथेन्समध्ये सादर झालेल्या सोफोक्लीजच्याच ‘फिलोक्टेटिस’मध्ये तर कुणीही मरत नाही, शेवट सुटकेचा आहे, आणि तरी ती ट्रॅजेडीच. म्हणून मला ‘शोकात्मिका’ हा शब्द जवळचा वाटतो. शोक गाभ्यात असायला हवा, तो शेवटी असेलच असं नाही.

हा गाभा दोन्ही नाटकांत एकच आहे: माणसाला स्वतःची ओळख पटणं. पण ती पटण्याची वेळ दोन्हीकडे अगदी उलटी आहे.

‘इडिपस’ सुरू होतं तेव्हा सगळं घडून गेलेलं असतं. बापाचा खून झालाय, आईशी लग्न झालंय. उरलंय ते फक्त कळणं. कोरिंथहून निरोप्या येतो आणि सांगतो, राजा पॉलिबस वारला. इडिपस सुटकेचा श्वास टाकतो, कारण ज्याला तो बाप समजतो तो त्याच्या हातून मेला नाही. आईशी लग्न होईल, या भाकिताची भीती मात्र उरते. तीही जावी म्हणून निरोप्या चांगल्या मनानं बोलून जातो: ते तुझे जन्मदाते नव्हतेच. जोकास्टाला त्याच क्षणी सारं उमगतं. ती विनवते, आता पुढे विचारू नकोस. त्याला वाटतं, आपण हलक्या कुळातले निघू याची तिला लाज वाटते आहे. तो विचारत राहतो. दिलासा द्यायला आलेला माणूसच घात करून जातो, यासाठी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं नेमका हाच प्रसंग उदाहरण म्हणून दिला. दैव फिरणं आणि ओळख पटणं एकाच वेळी घडलं, तर ती त्याच्या मते सर्वांत उत्तम रचना.

मॅक्बेथला मात्र सगळं आधीच ठाऊक आहे. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात तो एकटा उभा राहून स्वतःशीच हिशेब मांडतो: डंकन माझा आप्त, माझा राजा, आज माझ्या घरचा पाहुणा, त्याला मारायला माझ्याकडे महत्त्वाकांक्षेशिवाय दुसरं कारण नाही. बायकोला तो स्पष्ट सांगतोही, आता पुढे जायचं नाही. आणि तरी जातो.

नायकाच्या पतनाच्या कारणाला ॲरिस्टॉटलनं वापरलेल्या ‘हमार्तिया’ या शब्दाचा अर्थ बहुतेक टिपणांत ‘नायकाचा स्वभावदोष’ असा सापडतो. तो मॅक्बेथला चपखल बसतो, म्हणूनच आधी ‘मॅक्बेथ’ वाचणाऱ्याची वाट चुकू शकते. मूळ ग्रीक शब्दात नेम चुकणं आहे. तिठ्यावर लेयसवर हात उचलणारा इडिपस रागीट असेल, पण तो बाप आहे हे त्याला माहीत नव्हतं. एखादा दुर्गुण शोधून त्याला शिक्षा झाली म्हणणं सोपं आहे, पण त्यानं नाटक लहान होतं.

उलट, ॲरिस्टॉटलच्या निकषावर ‘मॅक्बेथ’च अडचणीत येतं. दुष्ट माणसाचा ऱ्हास पाहून करुणाही येत नाही आणि भीतीही वाटत नाही, असं तो म्हणतो. मला इथं शेक्सपिअरची बाजू घ्यावीशी वाटते. मॅक्बेथला गुन्ह्याचं सुख एक दिवसही मिळत नाही. खून होताच त्याची झोप जाते. बायको गेल्याचं कळतं तेव्हा त्याच्याजवळ धड शोकही उरलेला नसतो, उरतात ते एकामागून एक सरपटत येणारे उद्याचे दिवस. करुणा वाटते ती इथं, आणि भीती वाटते कारण त्याचा तो पहिला हिशेब आपणही मांडला असता.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ‘इडिपस’ घ्या. ते एका बैठकीत संपतं आणि तसंच वाचायला हवं, मध्ये थांबलं की फास सैल होतो. कोरसची, म्हणजे नगरवासीयांच्या गायकवृंदाची, गीतं मात्र गाळू नका, शहराला काय वाटतंय ते तिथंच कळतं. ज्यांना दैव, शाप, भाकितं यांचा अडसर वाटतो, माणसानं स्वतः काय निवडलं यातच रस आहे, त्यांनी खुशाल ‘मॅक्बेथ’पासून सुरुवात करावी, तिथं चेटकिणी भाकीत सांगतात, पण खून करायला सांगत नाहीत. मी स्वतः कुणालाही आधी ‘इडिपस’च देईन. ते वाचून झाल्यावर मॅक्बेथचं सातव्या प्रवेशातलं स्वगत वाचा. ज्या माहितीसाठी इडिपसला सगळं गमवावं लागलं, ती मॅक्बेथच्या हातात सुरुवातीपासूनच असते.