वातावरणविज्ञानातील एम.एस्सी., पुणे विद्यापीठ : अभ्यासक्रम आणि पुढच्या वाटा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागातील वातावरणविज्ञानाचा दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम हा, भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यासाठी महाराष्ट्रातील अत्यंत सकस पदव्युत्तर पर्यायांपैकी एक आहे, असे माझे मत आहे. मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. माझे काही विद्यार्थी तेथे शिकून पुढे नोकरीला किंवा संशोधनाला लागले. त्यांच्या वह्या, त्यांचे प्रकल्प-अहवाल आणि त्यांच्याशी होत राहिलेले बोलणे यांतून हे मत तयार झाले आहे. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाचे खरे स्वरूप आणि त्यापुढच्या नोकऱ्यांच्या अटी या दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या नाहीत, तर हुशार विद्यार्थ्याचीही निराशा होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट स्वरूपाची. हवामानाची आवड म्हणजे ढग पाहण्याची, पावसाच्या नोंदी ठेवण्याची आवड असा समज करून येणाऱ्याला पहिल्याच सत्रात कळते, की हे भौतिकशास्त्रच आहे, फक्त प्रयोगशाळा आभाळाएवढी आहे. बी.एस्सी.ला परीक्षेपुरती शिकलेली ऊष्मागतिकी येथे रोजच्या वापरात येते. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश सेल्सिअसने थंड होते, पण तिच्यातील बाष्प द्रवू लागले की सुप्त उष्णता बाहेर पडते आणि थंड होण्याचा हा वेग मंदावतो. उन्हाळ्यातला वळीव, गारपीट आणि कडाडणारी वीज यांचे मूळ या एवढ्याशा फरकात आहे. टेफिग्राम नावाच्या आलेखावर हवामानाच्या फुग्यातून आलेली तापमानाची आणि आर्द्रतेची नोंद मांडायची, वर चढणाऱ्या हवेचा मार्ग आखायचा आणि दोन्ही रेषांमधल्या क्षेत्रफळावरून वादळाला किती ऊर्जा उपलब्ध आहे ते काढायचे, हे काम विद्यार्थी हाताने करतो तेव्हा एन्ट्रॉपी ही कल्पना त्याच्या अंगवळणी पडते. माझ्या वर्गात मला हे इतक्या परिणामकारकपणे कधीच साधले नाही.

गतिकीचा विषय सर्वांत अवघड आणि, माझ्या मते, सर्वांत मोलाचा आहे. फिरत्या पृथ्वीवरच्या हवेची समीकरणे, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळवणारे कोरिऑलिस बल, दाबातील फरक आणि वारा यांचा तोल, व्हॉर्टिसिटी म्हणजे हवेचे भोवऱ्यासारखे फिरणे, या गोष्टी सदिश कलनशास्त्र पक्के नसेल तर झेपत नाहीत. शिवाय या विषयाची बरीचशी मांडणी युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर बेतलेली आहे. पुण्याच्या साडेअठरा अंश अक्षांशावर कोरिऑलिसचा परिणाम ४५ अंशांवरच्या परिणामाच्या निम्म्याहूनही कमी भरतो, आणि तिकडे बिनधोक वापरली जाणारी गृहीतके इकडे डळमळीत होतात. उष्ण कटिबंधातले वातावरण स्वतंत्रपणे शिकावे लागते ते यामुळे, आणि ज्याला मान्सूनवर काम करायचे आहे त्याने ते मान्सूनच्या प्रदेशात शिकावे, या मताला बळ मिळते तेही यामुळेच. संख्याशास्त्राचेही तेच. भारताच्या हवामानखात्याचे १९०४ ते १९२४ या काळातील प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती होते. मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदींचे परस्परसंबंध तपासता तपासता त्यांना प्रशांत महासागरावरच्या दाबाचा तो मोठा हेलकावा सापडला, ज्याचा एल निनोशी असलेला संबंध आज प्रत्येक मोसमी अंदाजात विचारात घेतला जातो. सहसंबंधाचे गुणक कंटाळवाणे वाटणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

अंदाज कोठे चुकतो आणि का चुकतो, हे समजणे हा या शिक्षणाचा गाभा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच काळात कुलाब्याला केवळ ७३.४ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच शहरातील, पंचवीस किलोमीटरच्या आतल्या दोन वेधशाळांमधला हा फरक समजून घ्यायचा तर मोठ्या प्रमाणावरची मान्सूनची स्थिती, किनाऱ्याची रचना आणि काही तासच टिकणारी ढगांची यंत्रणा हे तिन्ही एकत्र विचारात घ्यावे लागतात. ज्या विद्यार्थ्याला असा प्रश्न अस्वस्थ करतो, त्याने हा अभ्यासक्रम निःशंकपणे घ्यावा.

पुणे या जागेचे महत्त्व मी सर्वाधिक मानतो. हवामानखात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी हवामानाच्या नोंदींचे आणि संशोधनाचे मोठे काम येथेच राहिले. कृषी हवामानशास्त्राचा विभाग तर येथे १९३२ पासून आहे. हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी १९४८ मध्ये पुण्याच्या याच कार्यालयातील उपकरणांच्या विभागात रुजू झाल्या आणि हवामानमापनाची उपकरणे देशातच तयार व्हावीत यासाठी त्यांनी केलेल्या कामाचा पाया येथेच घातला गेला. विद्यापीठापासून जवळच पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, जी १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९७१ मध्ये स्वायत्त झाली. ‘प्रत्युष’ हा महासंगणक तेथे २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये त्याहून कितीतरी शक्तिमान ‘अर्क’ आला. याच संस्थेची ढगांच्या भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा महाबळेश्वरला आहे, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्री ओलांडून पुण्यात आले की तो सातशे-साडेसातशेवर येतो. देशातील दुसऱ्या कोणत्याही शहरात शिकणाऱ्याला व्याख्याने, प्रकल्प आणि मार्गदर्शक यांची एवढी जवळीक लाभणे कठीण आहे. ही जवळीक आपोआप उपयोगी पडत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. जो विद्यार्थी पाषाणची व्याख्याने ऐकायला जातो, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतो आणि प्रकल्पाचा विषय वेळेत निश्चित करतो, त्यालाच तिचा लाभ होतो.

संगणकाच्या तयारीबाबत पालक आणि विद्यार्थी दोघेही गाफील असतात. या क्षेत्रात पायथन आणि लिनक्स ही आता रोजची साधने आहेत, आणि हवामानाची मोठी प्रारूपे अजूनही बहुतांशी फोरट्रानमध्ये लिहिलेली असल्याने ती भाषाही वाचता यावी लागते. माझ्या एका विद्यार्थिनीने या तयारीसाठी एका खासगी ऑनलाइन संस्थेचा महागडा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम घेतला. त्यात तयार आज्ञावली चालवून नकाशे काढायला शिकवले, पण नकाशातला आकडा कोठून आला हे कोणी सांगितले नाही. त्याऐवजी आपल्या जिल्ह्याच्या पावसाच्या जुन्या नोंदी घेऊन स्वतः सरासरी, कल आणि टोकाच्या घटना काढण्याचा सराव केला, तर तो अधिक उपयोगी पडतो, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

आता नोकऱ्यांविषयी. या पदवीपुढे दारे अनेक आहेत, परंतु प्रत्येक दाराची किल्ली वेगळी आहे आणि ती स्वतंत्रपणे मिळवावी लागते. हवामानखात्यातील वैज्ञानिक सहायकाची पदे कर्मचारी निवड आयोगामार्फत भरली जातात. २०२२ च्या जाहिरातीत अशी ९९० पदे होती. या पदासाठी एम.एस्सी. लागतच नाही, ठरावीक विषयांतील पदवी किंवा पदविका पुरते, आणि अशा जाहिराती दरवर्षी निघतातच असे नाही. म्हणून केवळ या पदावर डोळा ठेवून दोन वर्षे खर्च करू नयेत. वैज्ञानिकाच्या पदांसाठी आणि संशोधनासाठी मात्र पदव्युत्तर शिक्षण व त्यापुढील पीएच.डी. यांना खरी किंमत आहे. त्यासाठी सीएसआयआर-यूजीसी नेटमधील पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान हा विषय किंवा गेटमधील अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरातला वातावरण व महासागर विज्ञानाचा भाग, यांची तयारी दुसऱ्या सत्रापासूनच सुरू करावी. हवाई दलाच्या हवामान शाखेत अधिकारी होण्यासाठी एफकॅट परीक्षा द्यावी लागते. तेथे पदवीच्या वर्षांतील गणित आणि भौतिकशास्त्राचे गुणही पाहतात, ही अट बऱ्याच जणांना उशिरा कळते.

खासगी क्षेत्र पूर्वीपेक्षा बरेच रुंदावले आहे. पीक विम्याची भरपाई, पवन आणि सौर ऊर्जेचे अंदाज, विमान वाहतूक, हवेच्या गुणवत्तेचा अभ्यास या सर्व कामांना वातावरण समजणारी आणि माहिती हाताळू शकणारी माणसे लागतात. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत आणि त्यांच्या नोंदींवर शेतकऱ्याच्या विम्याचा पैसा अवलंबून असतो. त्या नोंदींची शुद्धता तपासण्याचे काम मला फार जबाबदारीचे वाटते. कृषी सल्ल्याच्या कामाला समाजात मोठी किंमत आहे, पण पदांची शाश्वती कमी आहे. २०२४ च्या सुरुवातीला देशातील जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्याचा आदेश निघाला, तेव्हा तेथे कंत्राटावर काम करणाऱ्या प्रशिक्षित तरुणांवर काय ओढवले हे ध्यानात ठेवावे. कृषी पदवीधरांनी मात्र या एम.एस्सी.ऐवजी कृषी विद्यापीठांतील कृषी हवामानशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करावा. त्यांच्या पायाभूत अभ्यासाशी ते अधिक जुळते.

पर्यायांची तुलना करायची तर कोची विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ यांची या विषयातील परंपरा जुनी आहे, आणि समुद्राकडे ओढा असणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा. दिल्लीची आयआयटी व बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथे या विषयाची स्वतंत्र केंद्रे आहेत, आणि एम.एस्सी.नंतर पीएच.डी.साठी तेथे जाण्याचा मार्ग पुण्याहून खुला असतो. जीवशास्त्र किंवा भूगोल घेऊन पदवीधर झालेल्यांनी ‘पर्यावरणाशी संबंधित आहे’ एवढ्याच कारणाने पुण्याचा हा अभ्यासक्रम निवडू नये. ज्यांना यायचेच आहे, त्यांनी बी.एस्सी.च्या अखेरच्या उन्हाळ्यात अवकल समीकरणे आणि सदिश कलनशास्त्र पुन्हा एकदा हाताने सोडवून काढावे, ऊष्मागतिकीचा पहिला व दुसरा नियम कागदावर मांडता येतो का ते पाहावे, आणि प्रवेश परीक्षेची तारीख विद्यापीठाच्या सूचनेवरूनच तपासावी.