घरची जुनी व्हीटेक की पन्नाशी ओलांडलेली स्पिटफायर?

समर्थ मंदिराच्या चौकातून यवतेश्वरच्या घाटाला लागलं की पहिल्या दोन-तीन वळणांतच गाडी कशी आहे ते कळतं. पावसाळा सुरू व्हायच्या आधी एका रविवारी मी त्याच घाटात दोन गाड्या पाठोपाठ चालवल्या. एक माझी, 2002 सालची होंडा सिटी व्हीटेक. दुसरी सांगलीच्या मित्राची, साठच्या दशकातली ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे दोन सीटची, टप उघडणारी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ती तो विश्रामबागहून पेठ नाका, कराड करत साताऱ्यापर्यंत स्वतः चालवत घेऊन आला होता.

निमित्त होतं भाच्याचं. त्याच्याकडेही 2002 चीच सिटी आहे, भावजींनी हौसेने घेतलेली. हातात थोडे पैसे आलेत आणि त्याला कळत नाहीये, की सिटीवर खर्च करून ती पुन्हा तरतरीत करावी, की ती विकून एखादी जुनी, दोन सीटची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार घ्यावी. माझं मत मी त्याला पहिल्याच वाक्यात सांगितलं. दारात एकच गाडी राहणार असेल तर सिटीच कर. स्पिटफायर दुसरी गाडी म्हणूनच आणायची, आणि तीही बंदिस्त कोरडी जागा असेल तरच.

नुसते आकडे पाहिले तर तुलनाच होत नाही. सिटीचं इंजिन 1493 सीसीचं, 106 हॉर्सपॉवरचं. गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास. पहिल्या मालिकेतल्या स्पिटफायरला 1147 सीसी आणि 63 हॉर्सपॉवर, वजन सातशेच्या थोडं वर. हायवेला सिटी तिला सहज मागे टाकते. पण यवतेश्वरच्या चढाला, दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी चाळीसच्या वेगाला स्पिटफायर जो आनंद देते तो मला सिटीत साठ-सत्तरच्या खाली मिळत नाही. बसतो ती जागा रस्त्यापासून वीतभर उंचीवर वाटते, दारावर कोपर टेकवला तर हात डांबराला लागेल असं वाटतं, आणि स्टिअरिंगमधून खडी न खडी हाताला कळते. आपल्याकडचे घाट अरुंद आहेत, वळणापलीकडून एसटी येत असते. कमी वेगात मजा देणारी गाडी इथे खरोखर उपयोगाची आहे, हे मला मोकळेपणाने मान्य आहे.

मात्र तिचा मागचा एक्सल नीट समजून घ्या. दोन्ही मागच्या चाकांना मिळून एकच आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) आणि स्विंग एक्सल, म्हणजे चाकासकट वर-खाली झुलणारा एक्सल, अशी ती रचना आहे. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की गाडीची मागची बाजू उचलली जाते, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि शेपूट निसटतं. 1970 पासूनच्या गाड्यांत हा पाटा बदलून दोष बराच कमी केला. त्याआधीची गाडी असेल तर वळणाच्या आधीच ब्रेक लावून वेग उतरवायचा आणि वळणात पाय हलका पण कायम ठेवायचा, हे अंगवळणी पडलं पाहिजे. ब्रेकला बूस्टर नाही, पायाने खरा जोर लावावा लागतो. मेढ्याकडून केळघर घाटाने महाबळेश्वरला जायचं असेल तर आधी दोन महिने सपाट रस्त्यावर हात बसवा.

आता सिटीकडे येतो, कारण बहुतेकांच्या दारात तीच किंवा तिच्यासारखीच एखादी गाडी आहे. अपग्रेड म्हटलं की लोक आधी सायलेन्सर आणि मोठी अलॉय व्हील घेतात. मीही तेच केलं होतं आणि ते पैसे वाया गेले. रुंद टायर फेंडरला घासायला लागले, स्टिअरिंग जड झालं. आवाजाच्या सायलेन्सरचा तर कायद्यानेही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. म्हणून माझ्या लेखी अपग्रेडचा अर्थ असा, की गाडी शोरूममधून निघाली तेव्हा जशी होती तशी आधी करायची, आणि मग झीज होणाऱ्या वस्तू त्याच मापात पण चांगल्या प्रतीच्या घालायच्या.

सुरुवात बुशांपासून, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरांपासून करा. आमच्या मिस्त्रींनी माझ्या गाडीचा लोअर आर्म, म्हणजे पुढच्या चाकाला खालून धरणारा दांडा, उतरवून टेबलावर ठेवला आणि बुशमध्ये पाना घालून हलवला. वीस वर्षांचं रबर, त्याला चहूबाजूंनी बारीक भेगा गेल्या होत्या. आतली लोखंडी नळी बोटाने फिरत होती. गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे का ओढते, ब्रेक दाबला की पुढचं तोंड का वळवळतं, दोन्हींचं उत्तर त्या अंगठ्याएवढ्या रबरात होतं. प्रेसवर जुने बुश निघताना कडकन आवाज झाला, नवे बसले, चारही शॉकअप बदलले, इंजिनची माउंटिंग बदलली, अलाइनमेंट केलं. त्या संध्याकाळी मी पोवई नाक्यापासून कास तलावापर्यंत गेलो आणि दहा वर्षं चालवलेली गाडी मला नवी वाटली. इंजिनला तोवर हातही लावलेला नव्हता.

त्यानंतर ब्रेक: पॅड, मागचे शू, फुगलेले होज आणि ब्रेक ऑइल. मग चांगले टायर, मूळ मापाचे. इंजिनमध्ये टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चाला आणि सोबत वॉटर पंपही बदला. व्हीटेकवाल्यांना एक खास सांगणं. वरच्या आरपीएमला ती जी एकदम मोकळी होते, ते काम ऑइलच्या दाबावर चालतं. ऑइल कमी असेल किंवा त्या ऑइलची वाट उघडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हखालची, म्हणजे सोलेनॉइडखालची, बारीक जाळी गाळाने भरली असेल तर तो धक्का येतच नाही आणि माणसाला वाटतं इंजिन म्हातारं झालं. माझी जाळी काढली तेव्हा ती काळ्या चिकट थराने जवळजवळ बंद होती. पेट्रोलने धुऊन बसवली, ऑइल बदललं, आणि ती पूर्वीसारखी गायला लागली. सगळं मिळून माझा खर्च सव्वा लाखाच्या आत बसला. मेकॅनिकल पार्ट अजूनही पुण्यात नाना पेठेत फिरलं की मिळतात. पुढचे दिवे, बंपर, दाराची रबरं यांची मात्र चणचण आहे, ती दिसतील तिथे घेऊन ठेवावीत.

स्पिटफायरच्या पार्टची गोष्ट ऐकायला सोपी वाटते. तिचा सांगाडा (चेसिस) त्याच कंपनीच्या ट्रायम्फ हेराल्ड या गाडीवरून घेतलेला, आणि हेराल्ड तर मद्रासला स्टँडर्ड कंपनी 1961 पासून बनवत होती. त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे काही भाग जुन्या हेराल्डवाल्यांकडे सापडतात, आणि ब्रिटनमध्ये या गाडीचे पार्ट आजही नवे बनतात. पण तिकडून मागवलं की कस्टम ड्युटी आणि आठवड्यांची वाट पाहणं आलं. त्यात आपल्या भागाचं मोठं बळ म्हणजे लेथवाले. कुपवाड एमआयडीसी असो की कोल्हापूरचं उद्यमनगर, नमुना हातात दिला तर बुश, पिन, स्लीव्ह मायक्रॉनमध्ये करून देणारे हात इथे आहेत. जुन्या इंजिनांना पेट्रोलमधलं शिसं लागायचं; ते आपल्याकडे 2000 साली संपलं. शिशाशिवाय व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा, हळूहळू खाली बसत जातात. मित्राने इंजिनचं हेड उतरवून उद्यमनगरात कडक सीट बसवून घेतल्या. कोणतीही स्पिटफायर बघायला गेलात तर हे काम झालंय का, हे आधी विचारा.

आणि सध्याचं पेट्रोल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यात आपल्याच उसाचा वाटा आहे, याचा शेतकऱ्याच्या घरात वाढलेला म्हणून मला आनंद आहे. पण इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. सिटीचा कॉम्प्युटर सेन्सरवरून मिश्रण बऱ्यापैकी सांभाळून घेतो. होज आणि फ्युएल पंपावर लक्ष ठेवलं, ॲव्हरेज थोडं पडेल हे धरलं, की भागतं. स्पिटफायर महिनाभर टाकी अर्धी ठेवून उभी केली तर लोखंडी टाकीत आतून गंज धरतो आणि तो थेट पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये येतो. तिचे सगळे होज इथेनॉल सोसणारे हवेत, आणि मिश्रण हाताने थोडं श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, करावं लागतं.

कार्बोरेटर जुळवण्याचं कामही मी जवळून पाहिलं. स्पिटफायरचं अख्खं बॉनेट फेंडरसकट पुढे उलटतं, आणि तुम्ही पुढच्या टायरवर बसून इंजिनला हात घालू शकता. दोन एसयू बनावटीचे कार्बोरेटर. मित्राने हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला आणि दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी. फुस्स असा बारीक आवाज. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत तो स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत राहिला. पाऊण तास गेला. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून मी भाच्याला म्हणालो, हा पाऊण तास तुला शिक्षा वाटणार असेल तर ही गाडी तुझी नाही. सिटी मिस्त्रीवर सोपवून कामावर जाता येतं. स्पिटफायरला मालकच मिस्त्री लागतो, कारण एसयू लावणारे जुने हात आता कमी उरलेत.

कागदपत्रांत लोक फसतात, म्हणून थोडं विस्ताराने. दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार कोणती घ्यावी, या प्रश्नाला परदेशात माझदा एमएक्स-5 हे ठरलेलं उत्तर असतं. आपल्याकडे ती अधिकृतपणे विकलीच गेली नाही, आणि नेहमीची वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणून इथे आधीपासून नोंद असलेलीच क्लासिक शोधावी. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणी आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण त्या नोंदणीवर रोज फिरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची. थर्ड पार्टी विम्यात मात्र निम्मी सवलत मिळते. मित्राच्या गाडीची जुनी साधी आरसी चालू आहे, तो ती दर पाच वर्षांनी पासिंग करून वाढवतो, म्हणूनच साताऱ्याला येऊ शकला. व्यवहाराआधी यांतलं नेमकं काय आहे ते आरसीवर स्वतः वाचा.

सिटीलाही पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आहेच. 2002 ची गाडी 2017 ला, 2022 ला, आणि आता 2027 ला. ऑगस्ट 2025 च्या नियमाने वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी दहा हजार झाली आहे, शिवाय पर्यावरण कर. हा खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

गाडी कोणतीही असो, आपल्या भागात एक तपासणी चुकवू नका. 2019 आणि 2021 च्या महापुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतून बाहेर आलेल्या पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे. कार्पेट उचला, डॅशबोर्डखाली बोट फिरवा, गाळाची पावडर हाताला लागते. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे पकडत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. स्पिटफायरमध्ये दाराखालची पट्टी आणि सांगाड्याच्या मागच्या फांद्या खालून टोकदार पेचकसाने टोचून बघा. टोक आत गेलं तर मागे फिरा, विकणारा कितीही भाव उतरवू दे.

सुरक्षेबद्दल एवढंच, की माझ्या सिटीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. स्पिटफायरमध्ये तर डोक्यावर पत्राही नाही. लहान मूल घेऊन पुण्याला जायचं असेल तर खंबाटकीचा बोगदा मी सिटीनेच ओलांडेन, आणि तोही नव्या ब्रेकवर.

भाच्याचं लग्न डिसेंबरात आहे, पार्किंग एकच, आणि तेही वरून उघडं. त्याच्या सिटीची आरसी मार्च 2027 ला संपते. आम्ही सिटीचे लोअर आर्म, शॉकअप आणि टायमिंग बेल्टची यादी काढली, मिस्त्रींकडून दसऱ्यानंतरचे चार दिवस मागून घेतले. स्पिटफायरची चावी मित्राने त्याच्या हातात देऊन सांगितलं आहे, की कासला फुलं आली की ये, एक फेरी तू चालव.