क्लब कुणाच्या खिशावर चालतो? बघा ‘कंपनीज हाऊस’वर

इंग्लंडमधला आपला आवडता फुटबॉल क्लब स्वतःच्या कमाईवर उभा आहे की मालकाच्या खिशावर, हे बातम्यांवरून कळत नाही. त्यासाठी हिशेबच उघडावे लागतात. ब्रिटनच्या कंपनी निबंधकांची ‘कंपनीज हाऊस’ ही वेबसाइट २०१५ पासून हे हिशेब फुकट दाखवते, लॉगिनसुद्धा लागत नाही. आपल्याकडे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर एका कंपनीचे कागद बघायला १०० रुपये भरावे लागतात.

वापरून बघायला ब्लॅकबर्न रोव्हर्स घ्या. जॅक वॉकर या गावच्याच पोलाद उद्योजकाच्या पैशावर या क्लबने १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो पुण्याच्या वेंकीजकडे आला. म्हणजे एका मालकाच्या आधारावरून दुसऱ्याच्या आधारावर.

पहिली चूक शोधतानाच होते. क्लबच्या नावाने चार-पाच कंपन्या समोर येतात. खरी कंपनी आहे ‘द ब्लॅकबर्न रोव्हर्स फुटबॉल अँड अ‍ॅथलेटिक लिमिटेड’. ‘पीपल’ टॅबमध्ये २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा असणारे दिसतात. तिथून वर चढत गेलात की ‘वेंकीज लंडन लिमिटेड’ लागते. दोन्हींचे हिशेब उघडा, कारण खेळाडूंचे पगार खालच्या कंपनीत असतात आणि मालकाचा पैसा वरून येतो. मग ‘फायलिंग हिस्टरी’त ‘अकाउंट्स’वर टिक करून पीडीएफ उतरवा.

नफा-तोट्याचं पान आधी उघडू नका. चेल्सीने २०२३-२४ मध्ये १२ कोटी ८४ लाख पौंड नफा दाखवला, पण त्यात महिला संघाची कंपनी आपल्याच समूहातल्या कंपनीला विकून मिळवलेले १९ कोटी ८७ लाख होते. ते बाजूला काढलं की सुमारे ७ कोटींचा तोटा उरतो. असले व्यवहार ‘रिलेटेड पार्टी’ या टिपेत सापडतात.

सुरुवात करा ‘गोइंग कन्सर्न’, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का, या परिच्छेदापासून. मालकावर चालणाऱ्या क्लबात तिथे एकच गोष्ट लिहिलेली असते: पुढचे किमान १२ महिने पैसे पुरवण्याचं पत्र मालकाने दिलं आहे. ऑडिटरने त्यावर ‘मटीरियल अनसर्टन्टी’ असा शेरा मारला असेल, तर त्या पत्राच्या भरवशावर क्लब वर्षभर तरेल याची त्याला खात्री वाटलेली नाही.

पुढची टीप ‘क्रेडिटर्स’, म्हणजे कुणाचं किती देणं आहे. मालकाचा पैसा कर्ज म्हणून आलाय की भांडवल म्हणून, हे इथे कळतं, आणि सगळा फरक यातच आहे. चेल्सीचे तेव्हाचे रशियन मालक अब्रामोविच यांच्यावर मार्च २०२२ मध्ये निर्बंध आले, तेव्हा चेल्सीच्या वरच्या ‘फोर्डस्टॅम’ कंपनीवर त्यांचं सुमारे दीड अब्ज पौंडांचं कर्ज होतं. ते मागे मागितलं असतं, तर कुठलाही क्लब ते फेडू शकला नसता. मालकाने नवे शेअर घेऊन पैसा घातला असेल, तर ‘फायलिंग हिस्टरी’च्या यादीत ‘एसएच०१’ नावाचा फॉर्म दिसतो. तो दिसला की हायसं वाटतं, कारण तो पैसा कर्जासारखा परत मागता येत नाही.

‘चार्जेस’ टॅब अजिबात चुकवू नका. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा दिसतो ना, तसंच हे. स्टेडियम किंवा टीव्ही हक्कांचे येणे पैसे कुणाकडे गहाण आहेत ते तारखेसकट कळतं.

आता उणिवा. हिशेब भरायला खासगी कंपनीला ९ महिने मिळतात. वर्ष ३० जूनला संपलं तर कागद ३१ मार्चपर्यंत येतात, तोवर पुढचा हंगाम संपत आलेला असतो. उशिराचा दंड जास्तीत जास्त १,५०० पौंड, लागोपाठ दोन वर्षं उशीर केला तर दुप्पट. क्लबच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ, त्यामुळे धाक असा नाहीच. म्हणून मुदत उलटूनही हिशेब आले नाहीत, तर तेच धोक्याचं चिन्ह समजा. बरेच पीडीएफ स्कॅन केलेले असतात, त्यात शब्द शोधता येत नाही. आणि वरची कंपनी परदेशात असली की साखळी तुटते: मँचेस्टर युनायटेडची मूळ कंपनी केमन बेटांवर नोंदलेली आहे, तिचे कागद एसईसी या अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या साइटवर बघावे लागतात.

सर्वात मोठी मर्यादा वेगळीच आहे. मालकाने पैसे द्यायचं कबूल केलंय एवढंच कागद सांगतो, ते पोचतील का हे नाही. वेंकीजनाच भारतातल्या चौकशीमुळे ब्लॅकबर्नला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. मालकाची इच्छा असूनही वाट अडू शकते.

तरीही पाचपैकी साडेचार तारे. मोफत खातं उघडून आपल्या क्लबच्या कंपनीवर ‘फॉलो’ दाबून ठेवा, नवा कागद दाखल झाला की ईमेल येतो. वरच्या कंपनीलाही ‘फॉलो’ करा, ते बहुतेक जण विसरतात.