सेकंडहँड केसबुक, आठ महिन्यांनंतर

ऑगस्टमध्ये एलएल.एम.साठी अमेरिकेत आले. 'वंश आणि समान संरक्षण' या विषयाला लावलेलं केसबुक (गाजलेल्या निकालांचे उतारे असलेलं पाठ्यपुस्तक) नवीन घेणं परवडेना, म्हणून जुनी प्रत नव्याच्या पाव किमतीत घेतली. उशाला घ्यावं एवढं जाडजूड. नोव्हेंबरमध्येच शिवण उसवली आणि प्लेसीची (रेल्वेत गोऱ्या-काळ्यांचे वेगळे डबे चालतील म्हणणारा निकाल) पानं हातात आली. आधीच्या मालकाने अर्धं पुस्तक पिवळं करून ठेवलंय, पण 'यिक वो' या निकालावर एक रेघ नाही.

आणि मला तर तेच सगळ्यात आवडलं. पुण्यात भारतीय राज्यघटनेतलं समानतेचं कलम 14 शिकताना अन्वर अली सरकार (1952) या निकालाच्या शेपटाला हे नाव यायचं, आम्ही नुसतं घोकायचो. ही लाँड्रीवाल्यांची केस आहे हे इथे कळलं! सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे 320 लाँड्र्या, त्यातल्या 310 लाकडी इमारतींत, 240 चिनी लोकांच्या. लाकडी इमारतीत धंदा करायचा तर शहराच्या मंडळाची परवानगी हवी, एवढाच नियम. त्यात 'चिनी' हा शब्दसुद्धा नाही. पण दोनशेच्या आसपास चिनी अर्ज फेटाळले आणि चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांचा धंदा बिनबोभाट चालू राहिला. यिक वो त्याच जागेत 22 वर्षं कपडे धूत होता, आगीच्या तपासणीचा दाखलाही त्याच्याजवळ होता. 1886 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं, नियम कागदावर कितीही सरळ असो, राबवताना दुजाभाव केला की अमेरिकन राज्यघटनेच्या, समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीचा भंग झालाच. शिवाय हे संरक्षण 'व्यक्ती'ला आहे, फक्त नागरिकाला नाही. व्हिसावर राहणाऱ्याला हे वाचून जरा बरं वाटतं.

खटकतात ती वगळलेल्या मजकुराच्या जागची तीन टिंबं. संपादकांनी निकाल कापलेत, ते ठीक, दुसरा इलाज नाही. पण प्लेसीमधलं (1896) न्यायमूर्ती हार्लन यांचं भिन्नमत इतकं गाजलेलं, राज्यघटना रंग पाहत नाही असं सांगणारं. माझ्या प्रतीत त्यात मध्येच तीन टिंबं. मूळ निकाल नेटवर फुकट आहे, तो काढून पाहिला. टिंबांच्या जागी चिनी वंशाबद्दलचा परिच्छेद निघाला: हे लोक इतके वेगळे की त्यांना आपण नागरिक होऊ देत नाही, तरी ते गोऱ्यांच्या डब्यात बसू शकतात आणि काळे नागरिक नाहीत, अशी हार्लन यांची तक्रार. यिक वोनंतर दहाच वर्षांनी! तेव्हापासून टिंबं दिसली की मूळ निकाल उघडते. कोरेमात्सु (1944, युद्धकाळात जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडायला लावणं वैध ठरवणारा निकाल) मात्र नीट दिलाय.

फजिती जानेवारीत झाली. विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करू देणाऱ्या ग्रटर निकालाचा (2003) दाखला वर्गात ठणकावून दिला. प्राध्यापिकाबाईंनी शांतपणे विचारलं, "पुस्तक कधीचं?" हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रकरणांत 29 जून 2023 ला असा वंशाचा विचार घटनाबाह्य ठरून सगळं फिरलं होतं. माझी प्रत 2019 ची.

लव्हिंगपर्यंत (1967, आंतरवंशीय लग्नांवरची बंदी उठवणारा निकाल) पैसे वसूल, पुढे पुरवणी लागतेच. पाचातले साडेतीन तारे. जुनी प्रत घेणार असाल तर विक्रेत्याकडून आतल्या छपाईच्या पानाचा फोटो मागवा. मला नुसता मुखपृष्ठाचा आला होता.