'डूम पट्रोल'चे मूळ अंक: काही महिने वाचल्यानंतरचा अनुभव

'डूम पट्रोल' या अमेरिकी सुपरहिरो कॉमिकचे १९६३ ते १९६८ मधले सगळे मूळ अंक गेले काही महिने वाचनात आहेत. मोठा रंगीत ऑम्निबस (सगळे अंक एकत्र बांधलेला जाडजूड ग्रंथ) आणि 'शोकेस प्रेझेंट्स' या पुनर्मुद्रण मालेचे दोन कृष्णधवल खंड दोन्ही हाताशी ठेवून वाचले, त्यामुळे तीच कथा दोन्हींत कशी दिसते हेही ताडून बघता आलं. टीव्ही मालिकेमुळे या पात्रांची ओळख झालेले बरेच वाचक विचारतात की मूळ अंक घ्यावेत का. जरूर घ्यावेत. फक्त एका दमात वाचू नयेत, आणि रंगीत आवृत्ती महाग आहे म्हणून ती सरसकट चांगली असं धरून चालू नये.

अंकांच्या क्रमांकाचा घोळ आधी निस्तरलेला बरा. 'डूम पट्रोल'चा पहिला अंक म्हणून काही मिळत नाही. डीसी या अमेरिकी कॉमिक प्रकाशनाचं 'माय ग्रेटेस्ट ॲडव्हेंचर' हे साहसकथांचं नियतकालिक होतं. त्याच्या ८०व्या अंकात, जून १९६३मध्ये, ही टोळी पहिल्यांदा आली. लेखक आर्नल्ड ड्रेक, पहिल्या कथेत त्याच्या जोडीला बॉब हेनी, चित्रकार ब्रुनो प्रेमियानी, संपादक मरी बोल्टिनॉफ. ८६व्या अंकापासून (मार्च १९६४) नियतकालिकाचंच नाव बदलून 'डूम पट्रोल' झालं आणि क्रमांक तसेच पुढे चालू राहिले. सप्टेंबर-ऑक्टोबर १९६८च्या १२१व्या अंकात सगळं संपलं. म्हणजे ८० ते १२१, एकूण ४२ अंक.

आता मुद्द्याचं. या कॉमिकचा जीव नायकांच्या शक्तीत नाही, त्या शक्तीला घातलेल्या मर्यादेत आहे, आणि ड्रेक ती मर्यादा हिशेबासारखी काटेकोर पाळतो. लॅरी ट्रेनर हा चाचणी वैमानिक. एका उड्डाणात किरणोत्सर्गाने भरून आला, म्हणून अंगभर पट्ट्या गुंडाळलेला. त्याच्या शरीरातून एक काळी ऊर्जा-आकृती बाहेर पडते, भिंतीतून आरपार जाते, भन्नाट वेगाने उडते. पण तिला ६० सेकंदांत परत यावंच लागतं, नाहीतर लॅरी मेला. आणि ती बाहेर असेपर्यंत लॅरीचं शरीर गलितगात्र होऊन पडलेलं असतं, म्हणजे कोणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं. एवढ्या दोन अटींवर ड्रेक प्रसंगामागून प्रसंग रचतो: आकृती अडकली, वेळ संपत आली, लॅरीच्या शरीरापर्यंत शत्रू पोचला. ८३व्या अंकात तर ती आकृतीच ताब्याबाहेर जाते. वाचताना चौकटीगणिक सेकंद मोजायची सवय लागते, आणि ती लागली की या कथा खऱ्या अर्थाने पकड घेतात.

क्लिफ स्टील मोटारशर्यतींचा चालक. अपघातात शरीर गेलं, मेंदू तेवढा वाचला आणि तो धातूच्या देहात बसवला. या रोबोटमॅनची ताकद अफाट, पण त्याचे हातपाय जवळजवळ दर काही अंकांनी तुटतात, वितळतात, उपटले जातात. हे निव्वळ तमाशासाठी केलेलं नाही. एक हात गेला की उरलेल्या हाताने काय करता येईल, धड नुसतं सरपटत कुठवर जाईल, हा विचार प्रत्येक वेळी नव्याने केलेला दिसतो. प्रेमियानी तुटलेल्या खांद्यातून लोंबणाऱ्या तारा आणि वाकलेला पत्रा असा काढतो की तो भाग कुठे जोडलेला होता ते कळावं. त्याच पानावर क्लिफ लॅरीला टोमणा मारत असतो. या दोघांची सततची खडाजंगी ही या अंकांमधली सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे. आजही ती ताजी वाटते.

चाकाच्या खुर्चीतला अतिबुद्धिमान प्रमुख (इथे नाइल्स कौल्डर) आणि जगाने बाजूला टाकलेले नायक म्हटलं की मार्व्हलचे 'एक्स-मेन' आठवणारच. त्यांच्या पहिल्या अंकावरची तारीख सप्टेंबर १९६३, म्हणजे तीन महिने नंतरची. दोन्हीकडे 'ब्रदरहुड' नावाची खलटोळी आली तीही मार्च १९६४ याच तारखेच्या अंकांत. कोणी कोणाचं उचललं यावर वाद घालणारे भरपूर आहेत. वाचकाच्या दृष्टीने फरक एवढाच की एक्स-मेनच्या नायकांना शक्ती जन्मतःच मिळाली आहे, आणि इथे प्रत्येकाच्या शक्तीमागे एक अपघात आहे व त्याची भरपाई कधीच झालेली नाही.

कमी बोलल्या जाणाऱ्या पात्रांत पहिली रीटा फार, म्हणजे इलास्टी-गर्ल. ही चित्रपट अभिनेत्री. आफ्रिकेत चित्रीकरण चालू असताना विचित्र वाफा श्वासात गेल्या आणि शरीर हवं तेवढं मोठं किंवा लहान व्हायला लागलं. दिसायला ती तशीच सुंदर राहिली, त्यामुळे 'हिचं काय बिघडलं?' असं सहज म्हणता येतं, आणि म्हणूनच तिच्यावर कमी लिहिलं जातं. प्रत्यक्षात लढाईत सर्वांत जास्त कामाची तीच. इमारतीएवढी होऊन ती पूल तोलते, बोटाएवढी होऊन यंत्रात शिरते, आणि बऱ्याचदा दोन्ही एकाच कथेत करते. प्रेमियानीला शरीररचनेची पक्की जाण आहे. रीटा मोठी होते तेव्हा पायाखालच्या वस्तू, सावली, वाकण्याची ढब सगळं त्या मापाला धरून बदलतं. त्या काळातल्या बहुतेक राक्षसी आकाराच्या पात्रांच्या चित्रांत हे सांभाळलेलं नसतं.

दुसरा स्टीव्ह डेटन, मेंटो. ९१व्या अंकात येतो. जगातल्या अतिश्रीमंतांपैकी एक. रीटावर छाप पाडायला तो स्वतःच मनःशक्ती वाढवणारं शिरस्त्राण बनवतो. क्लिफ आणि लॅरीला तो डोळ्यासमोर नको असतो आणि लेखकही त्याला फार आवडता करायला जात नाही. अहंमन्य, उपयोगी आणि मनापासून प्रेमात पडलेला, असा तिन्ही बाजूंनी रंगवलेला माणूस साठच्या दशकातल्या कॉमिकमध्ये विरळा. १०४व्या अंकात त्याचं आणि रीटाचं लग्न होतं. तो अंक मजेत वाचावा असा आहे.

तिसरा बीस्ट बॉय, हव्या त्या प्राण्याचं रूप घेणारा पोरगा. 'टीन टायटन्स' या डीसीच्याच दुसऱ्या टोळीमुळे आज तो सर्वांत प्रसिद्ध, पण ९९व्या अंकातला (नोव्हेंबर १९६५) मूळ गार लोगन बऱ्याच जणांनी वाचलेला नसतो. हा पोरगा उद्धट आहे, कातडीच्या हिरव्या रंगामुळे दुखावलेला आहे आणि पालक म्हणून नेमलेल्या गॉल्ट्रीच्या कचाट्यात सापडलेला आहे, ज्याचा डोळा त्याच्या इस्टेटीवर आहे. पुढच्या अंकांत दत्तक घेण्याची जी ओढाताण चालते, ती मारामाऱ्यांपेक्षा जास्त लक्षात राहते.

प्रमुख नाइल्स कौल्डर समजून घ्यायला ८८वा अंक चुकवू नये. तो चाकाच्या खुर्चीत का आला आणि खलनायक जनरल इम्मॉर्टसशी त्याचं वैर काय, हे तिथे उलगडतं. खलनायकांत 'ब्रदरहुड'मधलं ब्रेन (देहाविना जिवंत ठेवलेला मेंदू), माणसासारखा बोलणारा गोरिला मुस्यू माला आणि मादाम रूज हे त्रिकूट भक्कम. ८९व्या अंकातला प्राणी, वनस्पती, खनिज यांची रूपं घेणारा माणूस ही कल्पना ऐकायला वेडपट वाटते, पण चित्रात ती पूर्ण विश्वासाने उतरवली आहे.

आवृत्त्यांबद्दल. ऑम्निबसमध्ये सगळे अंक एकत्र आहेत, पान मूळ अंकापेक्षा थोडं मोठं, कागद पांढराशुभ्र. रंग मात्र डोळ्यांवर येतात. मूळ छपाई स्वस्त, पिवळट, शाई पिणाऱ्या कागदावर ठिपक्यांनी होत असे. निळा, लाल, पिवळा या तीन शाया ठरावीक टक्क्यांत मिसळून एकूण ६४ छटा मिळायच्या. तो कागद शाई शोषून रंग मवाळ करायचा. तेच रंग पांढऱ्या कागदावर सपाट भरले की भडक होतात आणि प्रेमियानीच्या बारीक समांतर रेघा त्याखाली दबतात. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, कापडाच्या चुण्या, लॅरीच्या पट्ट्यांचे थर हे सगळं त्याने रेघांनी घडवलंय. ऑम्निबसमध्ये लॅरीचा चेहरा पुष्कळदा पांढरा डाग होतो. कृष्णधवल खंडात तीच पट्टी एकावर एक कशी गुंडाळली आहे ते दिसतं. चित्रं शिकणाऱ्याने शोकेसचे खंडच घ्यावेत: पहिल्यात ८० ते १०१, दुसऱ्यात १०२ ते १२१. तोटा एवढाच की रंगावर कळणारे प्रसंग, विशेषतः हिरवा बीस्ट बॉय, तिथे फिके पडतात, आणि खंडांचा कागद लवकर पिवळा पडतो.

वाचनाच्या गतीबद्दल अनुभव असा की एका बैठकीत दोन अंक पुरे. हे अंक साधारण वर्षाला आठ निघायचे. मधल्या काळात वाचक विसरणार हे धरून प्रत्येक कथेत कोण कोण, कोणाची शक्ती काय, ते पुन्हा सांगितलेलं असतं. ओळीने सहा अंक वाचले की त्याच त्या खुलाशांनी कंटाळा येतो आणि दोष कथेवर जातो. सगळं वाचायचं नसेल तर ८०, ८३, ८६, ८८, ८९, ९१, ९९, १००, १०४ आणि १२१ घ्या. १०२वा अंक वाचण्याआधी 'चॅलेंजर्स ऑफ द अननोन' या डीसीच्याच दुसऱ्या कॉमिकचा ४८वा अंक वाचायला हवा, कारण कथा तिथे सुरू होऊन इथे संपते. ऑम्निबसमध्ये तो आहे.

कुठे खटकतं तेही सांगायला हवं. आफ्रिकेचं चित्रण त्या काळच्या अमेरिकी साच्यातलं आहे, कल्पित देश, जंगल आणि विचित्र रोग. बीस्ट बॉयच्या १००व्या अंकातल्या जन्मकथेत ते जास्त टोचतं. कौल्डर रीटाशी ज्या वडीलधाऱ्या सुरात बोलतो तो आज वाचवत नाही. १०५च्या पुढे घसरण आहे. खलनायक विनोदी होत जातात, चित्रांतली मेहनत कमी होते. ११९व्या अंकात भारतीय धर्तीचा एक गुरू येतो. १९६८मध्ये पश्चिमेत अध्यात्माची जी लाट होती तिच्यावरची ती टिप्पणी, पण गुरू अगदीच ठोकळेबाज आहे. या टप्प्यात टिकून राहायला एकच धागा पुरतो, कौल्डर आणि मादाम रूज यांच्यातलं अवघड प्रेम. तो सोडू नका, शेवट त्यावरच उभा आहे.

तो शेवट म्हणजे १२१वा अंक. सुरुवातीलाच चित्रकार आणि संपादक स्वतः चित्रात येऊन वाचकांशी बोलतात. कॅप्टन झाल हा खलनायक टोळीला बेटावर अडकवतो आणि पर्याय देतो: तुम्ही मरा, किंवा मेन राज्यातल्या कॉड्सव्हिल या कोळ्यांच्या खेड्यातली १४ माणसं मरतील. झालची अपेक्षा अशी की ते स्वतःला वाचवतील आणि जगासमोर तोंडघशी पडतील. चौघेही एकमताने मरण निवडतात आणि बेट उडतं. खप घसरल्यामुळे मालिका बंद होणारच होती. पण सगळ्या नायकांना खरोखर मारून बंद करणं तेव्हा कोणी करत नव्हतं. त्यांनी कोणा शहराला किंवा जगाला वाचवलेलं नाही, अनोळखी १४ जणांना वाचवलंय, आणि हा आकडा मुद्दाम एवढा लहान ठेवला आहे. ४१ अंक वाचून इथे पोचलं तरच त्याचं वजन कळतं. म्हणून हा अंक आधी उघडू नका. १९७७च्या 'शोकेस' या नियतकालिकाच्या ९४व्या अंकात क्लिफ वाचल्याचं कळतं, पण ते वाचायची घाई नको.

ऑम्निबस हाताळताना काळजी लागते. हजाराहून जास्त पानं आहेत. नवा असताना टेबलावर ठेवून आधी पुढचं थोडं, मग मागचं थोडं, असं दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत पानं हलक्या हाताने दाबत न्यावीत. थेट मधोमध उघडला तर बांधणी तिथेच मोडते. सुरुवातीचे अंक वाचताना डाव्या पुठ्ठ्याखाली एक जाड पुस्तक ठेवलं की दोन्ही बाजू समतल राहतात. फडताळात उभा ठेवू नये. पानांचं वजन खाली ओढतं आणि वरच्या टोकाला गठ्ठा पुठ्ठ्यापासून सुटतो. आडवा ठेवावा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळावं, पुस्तकाशेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून वेळच्या वेळी बदलाव्यात, आणि महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी पानं चाळावीत. कसर आणि बुरशी दोन्ही अंधाऱ्या, न हललेल्या कागदावरच वाढतात.

मूळ जुने अंक विकत घ्यायचे असतील तर संरक्षक पिशवी 'सिल्व्हर एज' मापाची, सव्वासात इंचांच्या आसपास रुंदीची घ्या. आजच्या अंकांच्या पिशवीत कोंबल्यास कडा घासतात. विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: मधलं पान पिनांसकट, मुखपृष्ठ पिनेजवळ फाटलंय का ते, आणि जाहिरातींची पानं. त्या काळी जाहिरातीतलं कूपन कापून पाठवायची पद्धत होती आणि कापलेल्या कूपनच्या मागे पुष्कळदा कथेची चौकट असते. ८० आणि ९९ हे अंक पहिल्या आगमनांमुळे महाग आहेत. १२२, १२३, १२४ हे क्रमांक स्वस्तात दिसले तर लक्षात असू द्या, ते १९७३चे आहेत आणि त्यांत जुन्याच कथा पुन्हा छापलेल्या आहेत. संग्रह जवळ असेल तर त्यांवर पैसे घालू नका.