ब्रिटन बाहेर पडून फायद्यात राहिला का? शिरोलीतून केलेली तुलना

युरोपात माल पाठवायचा तर ब्रिटनमध्ये गिऱ्हाईक धरायचं की थेट जर्मनी-हॉलंडकडं वळायचं, हा प्रश्न कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावातल्या बऱ्याच फाउंड्रीवाल्यांपुढं, म्हणजे धातूचं ओतकाम करणाऱ्यांपुढं आहे. त्यासाठी आधी हे बघावं लागतं, की युरोपीय संघ सोडून ब्रिटनच्या हाती काय लागलं आणि काय निसटलं.

आमचंच सांगतो. 2020 पर्यंत आमची पंपाची केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, ब्रिटनला जायची. आयात कर तिथल्या बंदरात एकदाच. गिऱ्हाईक तिचं मशीनिंग करायचं, रंग मारायचं आणि ट्रकमध्ये घालून जर्मनीला धाडायचं. मध्ये कुणी कागद विचारत नव्हतं. 1 जानेवारी 2021 पासून त्याच ट्रकला कस्टम्सचे कागद लागू झाले. ब्रिटन आणि संघात शून्य कराचा करार आहे, हे खरं. पण तो शून्य कर दोघांपैकी कुणाकडं तरी बनलेल्या मालालाच. ओतकाम शिरोलीचं आणि नुसतं मशीनिंग तिकडचं, म्हटल्यावर ती केसिंग ब्रिटिश ठरायची मारामार. म्हणजे कर दोनदा. शेवटी त्या गिऱ्हाइकानं जर्मनीची ऑर्डरच सोडून दिली. नुकसान आमचं झालं, पण त्याच्या शॉपमधल्या माणसांचं जास्त झालं.

आता फायद्याची बाजू. ती मला खरोखर मोठी वाटते. संघात असताना ब्रिटनला स्वतःचा व्यापार करार करता येत नव्हता. बाहेर पडल्यावर 24 जुलै 2025 ला त्यानं भारताशी करार केला. त्यात आपल्या सुमारे 99 टक्के वस्तूंवरचा कर काढायचं ठरलं, कोल्हापुरी चपलेसकट. संघाशी आपली बोलणी 2007 ला सुरू झाली, 2013 ला थांबली, 2022 ला पुन्हा सुरू झाली आणि जानेवारी 2026 मध्ये कुठं पूर्ण झाली. सगळ्या सदस्य देशांना एकत्र घेऊन चालायचं म्हणजे असा वेळ जातोच. 2025 मध्ये अमेरिकेनं आयात कर लावला तेव्हाही ब्रिटनच्या बहुतेक मालाला 10 टक्के आणि संघाच्या मालाला 15 टक्के असा फरक राहिला.

पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे बघा. ब्रिटनची चाळीस टक्क्यांच्या आसपास निर्यात अजूनही संघातल्या शेजाऱ्यांकडंच जाते. तिथल्या सरकारी अंदाजपत्रकावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा अंदाज असा, की दीर्घकाळात उत्पादकता संघात राहिल्याच्या तुलनेत 4 टक्के कमी राहील. भारताच्या करारानं ही तूट भरून निघणार नाही.

आपले नियम आपण करू, हा 2016 च्या मतदानातला मोठा मुद्दा होता. 51.9 टक्क्यांनी बाहेर पडायचा कौल दिला तो यासाठीही. मग माल संघाच्या नियमांत बसतो हे सांगणाऱ्या सीई मार्कऐवजी स्वतःचा मार्क आणला. कारखानदार म्हणाले, दोन बाजारांसाठी दोनदा तपासणी परवडत नाही. 2023 ला सरकारनं बहुतेक मालासाठी सीई मार्क बेमुदत चालू ठेवला. अधिकार मिळाला, पण वापरता आला नाही. बाहेर पडा म्हणणारे परदेशातून येणारी माणसं कमी होतील म्हणाले होते. 2022-23 मध्ये त्यांची निव्वळ भर नऊ लाखांच्या घरात गेली. आठवड्याला 35 कोटी पौंड वाचतील हा त्यांचा आकडा तर संघाकडून ब्रिटनला मिळणारा परतावा वजा न करताच सांगितलेला.

बाहेर पडणं म्हणजे तोटाच, असं मात्र मी म्हणणार नाही. ग्रीनलंड 1985 ला त्या वेळच्या युरोपीय समुदायातून बाहेर पडलं. त्याची कमाई मासळीची. मासेमारीचा हक्क हातात आला आणि मासळी युरोपात विकायची वाटही उघडी राहिली. सिंगापूरला 1965 ला मलेशियातून बाहेर पडावं लागलं. मलेशियाच्या बाजाराची आशा गेली, पण बंदर जगाचं होतं, त्यानं जगाला विकलं. ब्रिटनचं गिऱ्हाईक शेजारी होतं आणि त्यानं नेमकं त्याच्याच वाटेत गेट बसवलं. म्हणून माझ्या मते ब्रिटनला हा व्यवहार महागात पडला. आपल्याला मात्र त्यातून एक दार उघडलं.

तेव्हा तुमचं कास्टिंग ब्रिटनमध्येच बसणार असेल, तर या कराराचा कागद क्लिअरिंग एजंटबरोबर बसून नीट वाचा आणि जरूर जा. पुढं युरोपात जाणार असेल, तर ब्रिटनमार्गे पाठवू नका. आम्ही मशीनिंग आता इथंच करतो आणि जर्मनीची केसिंग न्हावा शेवाहून थेट हॉलंडच्या रॉटरडॅम बंदराला लावतो.